ककुद्मीचं घड्याळ आणि आईनस्टाईनचं श्रेय

उंबरातलं_फूल
भागवताच्या नवव्या स्कंधात ककुद्मी राजाची गोष्ट आहे. लेकीला, रेवतीला, घेऊन तो ब्रह्मलोकात जातो. मनात काही स्थळं आहेत, त्यातलं कुठलं बरं, एवढंच विचारायचंय. तिथे गंधर्वांचं गाणं चाललेलं, म्हणून थांबतो. मग विचारतो तर ब्रह्मदेव हसायलाच लागतो. ते नवरदेव तर गेलेच, त्यांच्या नातवंडांचंही नाव कुणी घेत नाही. खाली सत्तावीस चतुर्युगं उलटलीत!
विष्णुपुराणातला पुढचा तपशील तर झकासच: बापलेक परततात तेव्हा माणसं खुजी झालेली असतात. रेवती फार उंच दिसते म्हणून बलराम नांगराच्या टोकाने तिची उंची कमी करतो आणि मग लग्न.
विज्ञानकथेला आणखी काय हवं? पण हा प्रसंग निघाला की कुणीतरी म्हणतंच, "बघा, वेगाने जाणाऱ्याचा काळ मंदावतो हे आईनस्टाईनने १९०५ साली सापेक्षतेत सांगितलं, ते आमच्याकडे आधीच होतं." झालं, गोष्ट तिथेच मेली. माझं म्हणणं, पुराणातून प्रश्न उचलावा, पुराणाला प्रमाणपत्र देत बसू नये.

शंखपाल
लाज वाटते असं सरळ म्हणा की. १९६५च्या 'ड्यून' या इंग्रजी विज्ञानकादंबरीत वाळवंटी ग्रहावर 'महदी', म्हणजे इस्लामी परंपरेतला तारणहार, अवतरतो, तेव्हा आपण वा वा करतो. आपल्या लेखकाने ब्रह्मलोक म्हटलं की लगेच छद्मविज्ञानाचा शिक्का! काळ सगळीकडे सारखा धावत नाही हे त्या पुराणकाराला सुचलं होतं ना? मग तेवढं श्रेय तरी द्या.

पावणेदोन
बसून हिशेब केला (रविवार आहे). चतुर्युग ४३,२०,००० वर्षांचं, म्हणजे सत्तावीसांची ११ कोटी ६६ लाख वर्षं. ब्रह्मदेवाचा दिवस १००० चतुर्युगांचा. तो आपल्यासारखा १२ तासांचा धरला, तर गाणं चाललं जेमतेम १९ मिनिटं. विलंबित ख्याल नुकता रंगात आला असेल! पुराणकाराने आपल्या जगाचं गणित चोख सांभाळलंय, हे श्रेय नक्की द्या.
पण हेच वेगामुळे झालं म्हणाल, तर तो वेग प्रकाशाच्या किती पट? शून्य, दशांशचिन्ह, पुढे २५ वेळा नऊ आणि मग पाच. राजा तर बसून गाणं ऐकत होता.

शंखपाल
गुरुत्वाकर्षणानेही काळ मंदावतो, साहेब.

पावणेदोन
मंदावतो. मग ब्रह्मलोक कृष्णविवराच्या अगदी काठावर नेऊन ठेवा. आणि जपानी लोककथेतल्या उराशिमा तारो कोळ्याचं काय? समुद्रातल्या महालात तीन वर्षं राहून परततो, तर गावात तीनशे वर्षं गेलेली. सापेक्षता त्यालाही ठाऊक होती?

कडूकारलं
देव विज्ञानकथेत आणूच नयेत. प्राचीन विमानविद्येचा म्हणून मिरवला जाणारा 'वैमानिक शास्त्र' हा ग्रंथ विसाव्या शतकातला आहे आणि त्यातली विमानं उडणं शक्य नाही, हे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच जणांनी १९७४ सालीच दाखवलं. तरी २०१५ साली मुंबईच्या विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानांवर निबंध वाचला गेलाच. तुम्ही ललित म्हणून लिहाल ते व्हॉट्सॲपवर पुरावा म्हणून फिरेल.

उंबरातलं_फूल
योगायोग बघा, त्याच १९७४ साली खगोलशास्त्रज्ञ जयंत विष्णू नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' कथा पाठवली, तीही नारायण विनायक जगताप या नावाने (स्वतःची आद्याक्षरं उलटी करून). पुढे त्यांनीच कादंबरीचं नाव ठेवलं 'वामन परत न आला'. फलज्योतिषाची संख्याशास्त्रीय चाचणी घेणारा माणूस हा! त्यातला वामन म्हणजे विचार करणारा यंत्रमानव. आधी लहानसा दिसणारा, मग तीन पावलांत सगळं घेणारा, ही धास्ती मराठी वाचकाला एका शब्दात कळते. ते वाचून वामनावतारात रोबो होते असं कुणी म्हटल्याचं माझ्या तरी ऐकण्यात नाही.

खवचटकाकू
नांगराने उंची कमी करताना रेवतीला कुणी विचारलं का? कथा तिथे आहे. तुम्ही बसा नऊ मोजत.

शंखपाल
काकू, दंडवत.
पण नारळीकरांनी रूपक घेतलं, श्रद्धा नाही. माझी आजी रोज भागवत वाचायची. तिच्यासाठी ब्रह्मदेव हे रूपक नव्हतं. विज्ञानकथेत तिच्यासारखी माणसं का नसतात? मंगळावर एखादी बाई एकादशी धरेलच ना! तिथे चंद्र दोन. फोबोस ७ तास ३९ मिनिटांत फेरी पुरी करतो, त्याच्या तिथ्या मानल्या तर दिवसाला सहा एकादश्या. तिने करायचं काय?

उंबरातलं_फूल
अहो, हेच तर मागत होतो मी! इथे कुणालाही प्रमाणपत्र द्यावं लागलं नाही.

कडूकारलं
सहा उपास म्हणजे साबुदाण्याचं वेगळं यान लागेल. बरं, आजी काय म्हणाल्या असत्या?

शंखपाल
म्हणाली असती, पंचांग घरचंच धरायचं. आणि प्रवासात असलं की सूट असते.