मदत हवी आहे: कंबर धरलेली असताना सामान गाडीत कसे चढवावे?

रातांबा
नमस्कार. मागच्या आठवड्यात गावी उतरताना बाकाखालून बॅग ओढली आणि कमरेत जी कळ आली, ती अजून पूर्णपणे गेलेली नाही. येत्या शनिवारी परत निघायचे आहे आणि सामान येतानापेक्षा जास्त आहे. ‘सामान कमी करा’ हा सल्ला कृपया कोणी देऊ नये. कंबर पुन्हा न धरता हे सगळे गाडीत कसे चढवावे, एवढेच सांगावे. उत्तर लवकर मिळाले तर बरे होईल.

जांभा
गाव कुठले, गाडी रेल्वेची की एसटी, बरोबर कोण आहे आणि ‘सामान’ म्हणजे नेमके काय, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही. मे महिना आहे, म्हणजे आंब्याची पेटी असणारच, असे मी धरून चालतो.

उधाण
रेल्वेच्या शयनयान डब्यात प्रत्येक प्रवाशाला ४० किलोपर्यंत सामान विनाशुल्क नेता येते. त्याहून जास्त असल्यास ते आधी नोंदवावे लागते, हे ध्यानात ठेवावे.

माड
कमरपट्टा बांधा आणि निर्धास्त उचला. मी गेली बारा वर्षे चाकरमान्यांसारखा ये-जा करतो आहे आणि पट्ट्याशिवाय पिशवीलाही हात लावत नाही.

रातांबा
उधाण, मी नियम विचारलेला नाही. कणकवलीहून दादरला जायचे आहे आणि गाडी जेमतेम दोन-तीन मिनिटे थांबते. पाच डझनांची लाकडी पेटी, दहा किलो उकडे तांदूळ, आगळाच्या (कोकमाच्या खारवलेल्या रसाच्या) चार बाटल्या आणि कपड्यांची चाकांची बॅग एवढे सामान आहे. बरोबर ६८ वर्षांच्या सासूबाई आणि आठ वर्षांचा मुलगा आहे, म्हणजे उचलणारी मी एकटीच. घरापासून रस्त्यापर्यंत चिऱ्यांची घाटी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, चढावी लागते, तिथे चाकांचा काही उपयोग नाही.

किनारपट्टी
मी फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून आधी विचारते. कळ पायात उतरते का? पायाला मुंग्या येतात, बधिरपणा किंवा अशक्तपणा जाणवतो का? मांड्यांच्या मधला भाग बधिर वाटत असेल किंवा लघवी-शौचावरचा ताबा गेल्यासारखे वाटत असेल, तर शनिवारची वाट न पाहता आजच रुग्णालयात जावे.

रातांबा
यातले काहीही नाही. फक्त उजव्या बाजूला, कमरेच्या वर, वाकून वळले की दुखते.

किनारपट्टी
मग घाबरण्यासारखे दिसत नाही, पण अंथरुणाला खिळून राहू नका. झेपेल तेवढे चालत राहा. आपण रात्रभर आखडून झोपलात, उठल्या उठल्या वाकलात आणि एका हाताने बॅग ओढताना कंबर वळवलीत. मणक्याला सर्वांत जाचणारी हालचाल हीच, कारण बराच वेळ बसल्या-झोपल्यावर स्नायू लगेच साथ देत नाहीत. म्हणून दादर येण्याआधी दहा मिनिटे उठून डब्यात दोन फेऱ्या माराव्यात आणि मगच सामानाला हात लावावा. उचलताना गुडघ्यांत वाका, वस्तू पोटाशी घ्या आणि दिशा बदलायची असेल तर कंबर न वळवता पावले वळवा. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या सूत्रात सर्व काही अनुकूल असतानाही २३ किलो हीच मर्यादा धरली आहे, आणि भार अंगापासून जसा लांब जातो तशी ती झपाट्याने खाली येते. भरलेली पेटी वीस किलोच्या आसपास असते आणि तिच्या रुंदीमुळे ती पोटाशी धरताच येत नाही. ती आपण उचलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

माड
पट्ट्याबद्दल आपण काहीच लिहिले नाही.

किनारपट्टी
पट्ट्याने उब आणि आधार वाटतो, हे मान्य. पण त्यामुळे दुखापत टळते, याला अभ्यासांतून भक्कम पुरावा मिळालेला नाही, आणि पट्टा आहे म्हणून माणूस एरवीपेक्षा जास्त उचलायला जातो.

माड
बारा वर्षांचा अनुभव हा पुरावा नव्हे, हे मला पटत नाही.

जांभा
पट्ट्याचे नंतर पाहू. ताई, पेटी उघडा आणि आंबे भाताच्या पेंढ्यात घालून तीन लहान पुठ्ठ्याच्या खोक्यांत भरा. खोक्याला सुतळीची दोन्ही बाजूंनी मूठ करा. तांदूळही पाच-पाच किलोच्या दोन पिशव्यांत घ्या आणि एकेक दोन हातांत धरा, म्हणजे अंग एका कुशीला झुकणार नाही. गाडी आली की सासूबाईंना व मुलाला आधी आत पाठवा आणि आपण दारात उभ्या राहून सामान घ्या. खालून द्यायला वाडीतला एखादा मुलगा रिक्षातून बरोबर आणावा. फलाटाचे तिकीट काढले की झाले.

उधाण
त्यापेक्षा पेटी खासगी बसने पाठवावी.

रातांबा
मागच्या वर्षी पाठवली होती. वरचा थर पूर्ण दबला होता.

जांभा, शेजारच्या दिराला विचारले, तो स्टेशनपर्यंत यायला तयार आहे. पेटी आताच उघडली. सासूबाई नाराज होत्या, कारण पेटी त्यांच्या माहेरच्या बागेतली आहे आणि ती तशीच बंद न्यायची होती. शेवटी त्यांनीच पडवीत बसून एकेक फळ देठ वर ठेवून पेंढ्यात बसवले. तीनऐवजी चार खोकी झाली. सर्वांत जड खोके काट्यावर साडेपाच किलो भरले. आता बाटल्या कपड्यांच्या बॅगेत घालाव्यात की वेगळ्या घ्याव्यात, एवढे सांगा.

किनारपट्टी
वेगळ्या. बॅग पायऱ्यांवरून उचलावीच लागणार आहे, तिचे वजन वाढवू नका.