आपण 'रीतसर' आलो म्हणजे नेमकं काय?

लाल_माती
अ‍ॅडलेडच्या आमच्या मराठी ग्रुपवर परवा एकाने लिहिलं, "आपण व्हिसाचे पॉइंट (वय, शिक्षण, इंग्रजीचे गुण) भरून रीतसर आलो, बोटीतून घुसलो नाही. निर्वासितांची बाजू घेणं आपल्याला शोभत नाही." चौघांनी टाळ्या दिल्या. दोन दिवस डोक्यातून जाईना, म्हणून लिहितोय.

ऑस्ट्रेलियाच्या 1901 च्या स्थलांतर कायद्यात गोरे नसलेल्यांना अडवायला श्रुतलेखनाची परीक्षा होती. 50 शब्द, भाषा कुठलीही युरोपीय, निवड अधिकाऱ्याची. तुमचे पणजोबा बी.ए. असते, इंग्रजी फाडफाड बोलले असते, तरी दुसऱ्याच भाषेतला उतारा पुढे करून त्यांना नापास करता आलं असतं. 1909 नंतर कुणीच पास झालं नाही. परीक्षा 1958 ला गेली, 1966 ला गोरे नसलेल्यांसाठी दार किलकिलं झालं आणि 1973 ला व्हिटलम सरकारने वंशाचा निकष काढला. आपण त्यानंतर आलो, एवढंच आपलं 'रीतसर'.

रांगेतला
ती पोस्ट माझीच. इतिहास मलाही ठाऊक आहे. पण माझ्या धाकट्या भावाने दोनदा इंग्रजीची परीक्षा दिली, पॉइंट वाढवायला नोकरी सोडून कोर्स केला, आणि वय उलटल्यामुळे फाइल बंद झाली. त्याचं दुःख कुणी मांडतं का? नियम पाळणाऱ्यालाच अपराधी ठरवू नका.

यारातीर
नियम कुणासाठी होते तेही बघा. 1934 मध्ये एगॉन किश या नाझीविरोधी पत्रकाराला रोखायचं होतं. त्याला अनेक भाषा येत होत्या, म्हणून स्कॉटिश गेलिकमध्ये परीक्षा घेतली! शेवटी हायकोर्टालाच म्हणावं लागलं की कायद्याच्या अर्थाने ही युरोपीय भाषा नव्हे.

माहेरवाशीण
रांगेचा विषय निघालाच आहे तर आई-वडिलांच्या व्हिसाचं बोला. पैसे भरून घ्यायचा तर माणशी 40 हजार डॉलरच्या वर, स्वस्तातला घ्यायचा तर 30 वर्षांची रांग. माझी आई 74 वर्षांची आहे. टुरिस्ट व्हिसावर येते, बिस्किटाच्या डब्यात वर्षाच्या गोळ्या वारांप्रमाणे लावून आणते. डबा रिकामा होत आला की मला धस्स होतं.

रांगेतला
ताई, तुमचं खरं आहे, पण धागा भरकटतोय. सरकारने म्हाताऱ्यांचा दवाखान्याचा खर्च का उचलावा, हाही प्रश्न आहेच.

माहेरवाशीण
खर्च? 16 वर्षं टॅक्स भरतेय मी! तुमच्या आईबद्दल असं बोलाल?

यारातीर
आमच्याकडेही हेच. सासूबाई गेल्या तेव्हा विमानाचं तिकीट वेळेवर मिळालं नाही. आई-वडील इथे हवेत यावर वाद घालणाऱ्याने एकदा तो फोन घेऊन बघावा.

लाल_माती
भरकटलं नाही, मुद्द्यावरच आलं. ऑस्ट्रेलिया दक्षिणेकडून उत्तरेकडे ओलांडायला निघालेल्या बर्क आणि विल्सच्या मोहिमेचे उंट आणि उंटवाले 1860 मध्ये कराचीहून निघाले. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती. नंतर बलुची, पंजाबी, पठाण असे बरेच आले. इथे सगळ्यांना 'अफगाण'च म्हटलं. वाळवंटातल्या वस्त्यांना पीठ, खिळे, तारेचे खांब या उंटवाल्यांनीच पोचवले. बहुतेक सगळे करारावर, एकटेच आले, बायकामुलं मागे. 1903 च्या कायद्याने मूळच्या आशियाई लोकांना नागरिकत्वही बंद. त्यांची मशीद अ‍ॅडलेडच्या लिटल गिल्बर्ट स्ट्रीटवर आहे, चार मिनारांची. लेकीला घेऊन गेलो होतो. बोळ इतका अरुंद, की मिनार पाहायला समोरच्या भिंतीला पाठ टेकावी लागली. थकलेले उंटवाले शेवटी इथेच आसऱ्याला राहायचे, हे सांगितल्यावर तिने विचारलं, "त्यांचे आई-बाबा कुठे होते?"

रांगेतला
श्रुतलेखनाचं मान्य. पोस्टमधला 'रीतसर' काढतो. रांगेबद्दलचं मत बदललेलं नाही, आणि बोटींचं तर नाहीच. ताई, आईंवरून बोललो ते चुकलं.

माहेरवाशीण
ठीक आहे. गुरुवारी तिचं परतीचं विमान आहे. सध्या वाद घालायची ताकद नाही.