‘से मे ओल्विदारोन’ला मराठीत काय म्हणाल?

निशिगंध: एका स्पॅनिश कथेचा अनुवाद करतेय. मुलगा दारातूनच आईला सांगतो, ‘से मे ओल्विदारोन लास यावेस’. मी लिहिलं, ‘चाव्या राहिल्या गं’. संपादकांनी खोडून ‘मी चाव्या विसरलो’ केलं. मला हे पटत नाहीये. ‘मी विसरलो’साठी ‘मे ओल्विदे दे लास यावेस’ आहेच की. त्यात कर्ता मुलगा, आणि चाव्यांआधी ‘दे’ लागतं. इथे क्रियापद अनेकवचनी झालंय ते चाव्यांमुळे. मुलगा उरतो फक्त ‘मे’त, म्हणजे ‘मला’त.

आडवाट: मग तुमच्या वाक्यात तो ‘मे’ कुठाय? ‘माझ्याकडून राहिल्या’ करा.

निशिगंध: ‘कडून’ आलं की कबुली आली. ‘से मे मुरिओ एल पेर्रो’चं ‘माझ्याकडून कुत्रा मेला’ केलं तर मीच मारला असं होईल! आपण ‘माझा कुत्रा गेला’ म्हणतो, दुःख त्या ‘माझा’त येतं.

खारवी: हा ‘मे’ आपल्या संस्कृत ‘देहि मे’तलाच ना? इथूनच गेला असणार.

आडवाट: इथून नाही गेला. मूळ एकच, पण स्पॅनिशमध्ये तो लॅटिनमधून आलाय. बरं, आईचं उत्तर काय आहे पुढे?

निशिगंध: ‘आ ती नुन्का से ते ओल्विदा कोमेर.’ ‘नुन्का’ क्रियापदाआधी आलं की ‘नो’ लागत नाही. आपल्याला ‘कधीच’ असलं तरी ‘नाही’ हवंच. मी केलंय, ‘जेवायचं बरं राहत नाही तुझं!’

आडवाट: कुठलीही आई ‘जेवायला बरा विसरत नाहीस’ असंच म्हणेल. संपादकांचं बरोबर आहे.

जुनी वही: मुळात चाव्या कशाला? चावी पोर्तुगीजांची. चांगला ‘किल्ली’ शब्द असताना अनुवादात तरी तो वापरा.

खारवी: मग कुलूपही काढा, ते अरबी ‘कुफ्ल’वरून आलंय. आमची आजी कपाटाची ती किल्ली म्हणायची आणि घड्याळाला चावी द्यायची. दोन्ही शब्द घरचेच.

जुनी वही: आमच्याकडे घड्याळालाही किल्लीच देतात.

खारवी: आणि नळाचं पाणी सोडणारा? त्याला किल्लीवाला म्हणता का? आमच्या गावात तो चावीवालाच. मेक्सिकोतही नळाच्या तोटीला ‘यावे’च, म्हणजे चावीच म्हणतात.

जुनी वही: आम्ही त्याला पाणीवाला म्हणतो.