मदत हवी आहे: राउटरच्या कमांड-रचनेत पानाची फांदी केली आणि पत्त्यांचा क्रम हरवला

नमस्कार मंडळी,

लिनक्सवर चालणाऱ्या एका छोट्या राउटरची कमांड-लाइन मी लिहिते आहे. धर्ती व्हायओएसची, म्हणजे राउटरसाठीच्या एका लिनक्स प्रणालीची: सगळ्या कमांड एक्सएमएलमध्ये (खुणांनी रचना सांगणाऱ्या मजकूर-फाइलीत) झाडासारख्या मांडायच्या आणि फांदीला एक पायथन स्क्रिप्ट जोडायची. कमिट केलं, म्हणजे बदल पक्के केले, की ती स्क्रिप्ट कॉन्फिग वाचते, तपासते आणि लागू करते. झाडात तीनच प्रकार आहेत. ठरलेल्या नावाची फांदी म्हणजे नोड, जिचं नाव वापरणारा देतो ती टॅग नोड, आणि जिथे नुसती व्हॅल्यू बसते ते पान, म्हणजे लीफ नोड.

‘सेट इंटरफेसेस इथरनेट ईटीएच० ॲड्रेस १९२.०.२.२/२४’ ही ओळ घ्या. यात इंटरफेसेस हा नोड, इथरनेट हा टॅग नोड, ईटीएच० हे त्या टॅगचं नाव, आणि ॲड्रेस हे एकाहून जास्त व्हॅल्यू चालणारं पान. इथवर काही तक्रार नव्हती.

मग प्रत्येक पत्त्याला स्वतःचं वर्णन हवं झालं. पानाच्या पोटात काही ठेवता येत नाही, म्हणून आधी शेजारी ‘ॲड्रेस-डिस्क्रिप्शन’ नावाची वेगळी टॅग नोड केली. ते दोन दिवसांत मोडीत काढलं. पत्ता दोनदा टाइप करावा लागायचा, आणि पत्ता काढून टाकला तरी त्याचं वर्णन मागे तसंच राहायचं. तेव्हा सरळ ॲड्रेसलाच टॅग नोड केलं. टाइप करायची कमांड अक्षरानेही बदलली नाही, डिलीटची कमांडसुद्धा तीच राहिली. मला वाटलं, काम फत्ते.

सेव्ह केलेल्या फाइलीत मात्र फरक पडतोच. पूर्वी ‘ॲड्रेस’पुढे अवतरणचिन्हांत पत्ता असायचा, आता पत्त्यापुढे महिरपी कंस उघडतो. त्यासाठी मायग्रेशन स्क्रिप्ट, म्हणजे जुनी फाइल नव्या रचनेत आणणारी स्क्रिप्ट लिहिली: जुन्या व्हॅल्यू वाचायच्या, पान काढायचं, प्रत्येक व्हॅल्यूची फांदी करायची. पहिल्या खेपेला ॲड्रेसवर टॅगची खूण लावायला विसरले, तर फाइलीत ॲड्रेस ही साधी फांदी झाली आणि सगळे पत्ते तिच्या कंसात जाऊन बसले. ते लगेच दिसलं, सुधारलं.

जे दिसलं नाही ते असं. ईटीएच० वर दोन पत्ते होते. आधी दिलेला १९२.०.२.२/२४, नंतर दिलेला १९२.०.२.१०/२४. पानातल्या व्हॅल्यू टाकल्या त्या क्रमाने राहतात. माझा पार्सर (कॉन्फिग फाइल वाचणारा भाग) टॅग नोडच्या फांद्या मात्र नावानुसार लावतो, तेही अक्षरांच्या क्रमाने. ‘१०’ मधला एक ‘२’ च्या आधी येतो, म्हणून रीबूटनंतर .१० आधी लागला. लिनक्समध्ये एका सबनेटमधला (नेटवर्कच्या एका तुकड्यातला) जो पत्ता पहिला लागतो तो प्रायमरी, बाकीचे सेकंडरी. त्याच सबनेटमधल्या लॉग सर्व्हरकडे जाणारे संदेश .१० वरून जाऊ लागले, आणि त्या सर्व्हरच्या परवानगीच्या यादीत फक्त .२ होता. लॉग बंद. कुठेही एरर नाही, कमिट यशस्वी, पिंग चालू. दीड दिवस मी लॉग सर्व्हरच तपासत बसले होते.

स्क्रिप्टनेही मला सावध केलं नाही. आधी तिला पत्त्यांची लिस्ट मिळायची, आता डिक्शनरी मिळते. पायथनमध्ये ‘फॉर’ दोन्हींवर सारखंच फिरतं, त्यामुळे कोड जसाच्या तसा चालला.

दुसऱ्यांनी काय केलंय ते पाहिलं. सिस्को आयओएसमध्ये (सिस्कोच्या राउटरांच्या प्रणालीत) दुसरा पत्ता देताना शेवटी ‘सेकंडरी’ लिहावं लागतं, नाहीतर नवा पत्ता जुन्याच्या जागी बसतो. जुनॉसमध्ये (ज्युनिपरच्या राउटरांच्या प्रणालीत) पत्ता हीच फांदी आहे आणि तिच्या खाली ‘प्रायमरी’, ‘प्रिफर्ड’ अशा खुणा लावता येतात. नेटवर्क उपकरणांच्या कॉन्फिगची रचना लिहायच्या यांग भाषेत, म्हणजे २०१६ च्या आरएफसी ७९५० या इंटरनेट मानकात, यादीवर ‘ऑर्डर्ड-बाय यूझर’ असं लिहून क्रम वापरणाऱ्याच्या हाती देता येतो.

माझे प्रश्न:

१. क्रम जपणारी टॅग नोड करावी, की ‘प्रायमरी’ अशी व्हॅल्यू नसलेली खूण द्यावी? पहिल्यात ‘या पत्त्याच्या आधी घाल’ अशी आणखी एक कमांड लागेल. जुनॉसमध्ये ‘इन्सर्ट’ आहे तशी.

२. जुन्या पानात ‘डीएचसीपी’ (पत्ता सर्व्हरकडून आपोआप घे) हा शब्दही चालायचा. आता त्याचीही फांदी होते आणि तिच्याखाली वर्णन, प्रायमरी सगळं टाइप करता येतं. हे मला अजिबात पटत नाही. काय करावं?

ज्यांनी अशी रचना प्रत्यक्ष चालवली आहे त्यांनी कृपया सांगावं. दोन्ही वाटा कागदावर मांडून झाल्या, निर्णय होत नाहीये.

प्रतिसाद:

खूण द्या. क्रम जपणारी यादी वाचणाऱ्याला सांगत नाही की क्रमाला अर्थ आहे. कोणीतरी कॉन्फिग नीटनेटकी करायला ओळी वरखाली करेल आणि तुमचा लॉग पुन्हा बंद पडेल. ‘प्रायमरी’ लिहिलेलं असलं की हेतू फाइलीतच दिसतो. तपासणीत एका सबनेटला एकच प्रायमरी चालेल असं बघा, आणि मायग्रेशनमध्ये प्रत्येक सबनेटच्या जुन्या यादीतल्या पहिल्या पत्त्याला खूण लावा. म्हणजे जुन्या राउटरांचं वागणं बदलणार नाही.

लागू करताना एक जपा. प्रायमरी बदलायचा तर जुना काढून पुन्हा घालावा लागतो. लिनक्सच्या गाभ्यातलं, म्हणजे कर्नलमधलं ‘प्रमोट सेकंडरीज’ हे सेटिंग बंद असेल तर प्रायमरी काढताक्षणी त्या सबनेटचे सेकंडरी पत्तेही जातात. ते चालू ठेवा, किंवा सगळे पत्ते स्वतः परत घाला.

खूण फक्त आयपीव्ही४ पत्त्यांवर स्वीकारा. आयपीव्ही६ मध्ये कोणत्या पत्त्यावरून बोलायचं ते आरएफसी ६७२४ च्या नियमांनी ठरतं, तिथे हा प्रायमरी नसतो.

डीएचसीपी हा पत्ता नाही, पत्ता मिळवायची रीत आहे. ॲड्रेसच्या शेजारी त्याचं वेगळं पान करा आणि ॲड्रेसवर फक्त प्रीफिक्स (१९२.०.२.२/२४ सारखा पत्ता) चालेल अशी अट घाला.

मूळ प्रश्नकर्ती:

मनापासून आभार. मायग्रेशन आज रात्रीच बदलते. ‘प्रमोट सेकंडरीज’ माझ्याकडे बंद होतं, आत्ताच पाहिलं. एकच विचारते: एका सबनेटमध्ये दोन पत्ते आहेत आणि कोणावरच खूण नाही, तर कमिट अडवावं, की इशारा देऊन पुढे जाऊ द्यावं?

प्रतिसाद:

अडवा. इशारा वाचला जात नाही. पण एकच पत्ता असेल तिथे खूण मागू नका, नाहीतर लोक वैतागतील.