मदत हवी आहे: नफा आहे, पण रोकड उरत नाही. आधी कुठे हात घालावा?

एका उत्पादन कंपनीचा हिशेब तपासतोय. वार्षिक विक्री १०० धरली तर विकलेल्या मालाचा खर्च ७०, निव्वळ नफा ८. माल गोदामात ७५ दिवस पडून राहतो, ग्राहकांकडून पैसे ९० दिवसांनी येतात, पुरवठादारांना मात्र ४० दिवसांत द्यावे लागतात. म्हणजे रोकड १२५ दिवस अडकते आणि खेळतं भांडवल (रोजच्या धंद्यात अडकून राहणारा पैसा) साधारण ३१ लागतं.

विक्री ४०% वाढवायची आहे. प्रमाणं हीच राहिली तर आणखी १२.५ अडकतील, नफा मात्र ११.२. घसारा आणि कर्जाचे हप्ते यात धरलेलेच नाहीत. चालू गुणोत्तर (चालू मालमत्ता भागिले चालू देणी) १.८ आहे, पण त्यावर माझा भरवसा नाही. जुनी येणी (ग्राहकांकडून यायचे पैसे) आणि न खपणारा मालही त्यातच मोजला जातो.

वसुली ६० दिवसांवर आणली तर वाढीव विक्रीवर ११.५ मोकळे होतात. त्यासाठी लवकर पैसे देणाऱ्या ग्राहकांना २% सूट द्यावी, तर ३० दिवसांसाठी ती वर्षाला जवळपास २५% व्याजाइतकी महाग पडते. त्यापेक्षा ओव्हरड्राफ्ट स्वस्त, पण थकबाकीची सवय तशीच राहते.

अशा वेळी सूट, साठा कमी करणं की वाढीचा वेग रोखणं, तुम्ही आधी काय करता? येण्यांचं वयवार वर्गीकरण (किती दिवसांपासून थकलीत त्यानुसार गट) किती दिवसांच्या टप्प्यांत करता?