चुन्याच्या भिंतीपुढे भूत टिकत नाही: लाँग एक्स्पोजरबद्दल प्रश्न

कवडसा:
लघुपटाच्या पोस्टरसाठी वाड्याच्या माजघरात आरपार दिसणारी बाई हवी आहे. एकाच फ्रेममध्ये, एडिटिंग न करता. ट्रायपॉड, आयएसओ १०० (सेन्सरची संवेदनशीलता), एफ/११ (लेन्सचं छिद्र), शटर २० सेकंद उघडं. बाई १० सेकंद उभी राहून चालत फ्रेमबाहेर जाते. मागे चुन्याची भिंत, अंगावर काळी साडी. फोटोत मात्र नुसती राखाडी सावली उमटते आणि दाराकडे पुसट पट्टा ओढला जातो. वेळ वाढवू का?
पुढे हीच बाई व्हिडिओतही दाखवायची आहे, तिथे काय करावं?

तिपाई:
वेळ वाढवून उपयोग नाही, प्रमाण तेच राहणार. ती गेल्यावर उरलेले १० सेकंद सेन्सरवर पांढरी भिंत साठत राहते. काळ्या साडीने प्रकाश दिलेलाच नसतो, त्यामुळे तिच्या जागी भिंत येऊन बसते, फक्त एक स्टॉप गडद (दर स्टॉपला प्रकाश निम्मा किंवा दुप्पट होतो). उलटं करा: साडी पांढरी आणि मागे अंधारं दार किंवा काळपट फडताळ. मग २० पैकी ६-७ सेकंदही भरपूर होतात.
पट्टा येतो तो उजेडात चालल्यामुळे. तिच्यावरचा दिवा वेगळा ठेवा, तो विझला की मगच तिने हलायचं. चेहरा तरीही हललेला वाटला (श्वासानेही हलतो) तर दिव्याऐवजी बाजूने एकच फ्लॅश मारा. फ्लॅश मागच्या फडताळावर पडला तर सगळं फुकट, म्हणून बाईला त्यापासून दोन-तीन मीटर पुढे उभं करा.

दिवेलागण:
व्हिडिओला काच. १८६२ च्या डिसेंबरात लंडनच्या रंगमंचावर जॉन हेन्री पेपर या विज्ञान-व्याख्यात्याने दाखवलेलं भूत याच युक्तीचं होतं, आणि ती आजही तितकीच सुंदर चालते.
लेन्सपुढे वीतभर अंतरावर ४५ अंशांत काच उभी करा. ५० मिमी लेन्सला दीड फूट लांबीची पुरते. बाई बाजूला, कॅमेऱ्याच्या नजरेबाहेर, मागे काळा पडदा. कॅमेऱ्याला काचेतून खोली दिसते आणि काचेवर बाईचं प्रतिबिंब. काचेपासून ती जितकी दूर, तितकीच ती खोलीत काचेपलीकडे दिसते. फोकसही त्याच अंतरावर.
अशा काचेवरून जेमतेम दहा टक्के प्रकाश परततो, म्हणून बाईवर खोलीपेक्षा तीनेक स्टॉप जास्त उजेड लागतो. तिचा दिवा वरखाली केला की भूत उगवतं, विरतं. दिव्याचा झोत थेट काचेवर पडू देऊ नका, धुळीचा कण न् कण चमकतो. काच जाड असेल तर दोन्ही पृष्ठभागांवरून दोन चेहरे दिसतात; २-३ मिमीची घ्या. लेन्सवर पोलरायझर (चकाकी कापणारा फिल्टर) असेल तर काढाच, तो नेमकं प्रतिबिंबच खातो.

कवडसा:
काचेत डावं-उजवं उलटेल ना? पदराचं काय?

दिवेलागण:
उलटतंच. पदर उजव्या खांद्यावर घ्यायला लावा, पडद्यावर तो तिच्या डाव्या खांद्यावर दिसेल. नथही उजव्या नाकपुडीत, चापाची असेल तर सोपं जाईल.