मदत हवी आहे: लक्स एन्क्रिप्शन व्हीएमच्या आत ठेवावं की होस्टवर न्यावं?

नमस्कार मंडळी,

सदाशिव पेठेतल्या एका सीए ऑफिसचा सर्व्हर मी सांभाळतो. मुख्य मशीनवर (होस्ट) डेबियन लिनक्स, त्यावर केव्हीएम, म्हणजे एकाच मशीनवर अनेक आभासी मशीन (व्हीएम किंवा गेस्ट) चालवायची सोय. त्यात हिशेबाच्या टॅलीसाठी विंडोज आणि फाइल सर्व्हरसाठी लिनक्स. अशिलांचे पॅन, आधार, बँकेचे उतारे सगळे तिथेच. 2023 चा वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा आल्यापासून साहेबांचा आग्रह आहे की उद्या डिस्क चोरीला गेली तरी कुणाला काही वाचता येऊ नये. आग्रह रास्तच आहे.

म्हणून फाइल सर्व्हरच्या व्हीएमच्या आत लक्स 2 (लिनक्सचं डिस्क एन्क्रिप्शन) लावलं. तेव्हापासून फाइली उघडायला वेळ लागतो. क्रिप्टसेटअपचा (लक्स हाताळणाऱ्या प्रोग्रामचा) वेगाचा बेंचमार्क होस्टवर झकास येतो, गेस्टमध्ये त्याच्या पासंगालाही पुरत नाही. गेस्टच्या सीपीयू फ्लॅगमध्ये 'एईएस' (एन्क्रिप्शन वेगाने करायची प्रोसेसरची सोय) दिसतच नाही. जुन्या टेम्प्लेटमधून सीपीयू मॉडेल 'केव्हीएम64' आलं आहे. दोष त्याचाच ना?

शिवाय व्हीएमची डिस्क जिच्यात साठते ती क्यूकाऊ2 फाइल फुगत चालली आहे. आत फाइली उडवल्या तरी होस्टवर जागा सुटत नाही, रिकामी जागा परत करणारं एफएसट्रिम चालवलं तर डिस्कार्ड (जागा सोडायची सूचना) चालत नाही म्हणतं. रात्रीचा डिस्क इमेजचा बॅकअप आधी कॉम्प्रेस होऊन बराच आटायचा, आता जेवढ्यास तेवढा.

खरी अडचण गुरुवारची. दुरुस्तीसाठी लाईट जाते, यूपीएस संपत आला की सर्व्हर नीट बंद होतो. लाईट आल्यावर होस्ट आपोआप उठतो, पण व्हीएम कन्सोलवर पासफ्रेज मागत उभा. मी कोथरूडहून लॉगिन करेपर्यंत सगळं ऑफिस खोळंबतं, आणि रिटर्नच्या हंगामात हे परवडत नाही.

माझा कल होस्टवर लक्स नेण्याकडे आहे. व्हीएमचा रॅमसकट स्नॅपशॉट (त्या क्षणाची प्रत) घेतला तर गेस्टची किल्ली त्या फाइलीत उघडी पडते, हेही मनातून जात नाही. जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद:

होस्टवरच न्या. तुमची भीती चोरीची आहे. होस्टवर ज्याच्याकडे रूट (सर्वाधिकार) आहे तो चालू गेस्टची मेमरी वाचू शकतो, त्यामुळे आतलं एन्क्रिप्शन त्याला अडवत नाहीच. होस्टवर लक्स असलं की स्नॅपशॉटही झाकला जातो.

हो, दोष 'केव्हीएम64'चाच. मशीन एकच आहे, लाइव्ह मायग्रेशनचा (चालू व्हीएम दुसऱ्या मशीनवर हलवण्याचा) प्रश्न नाही, तेव्हा बिनधास्त होस्ट-पासथ्रू लावा, म्हणजे गेस्टला होस्टचाच प्रोसेसर दिसेल. आत साधी एक्स्ट4 फाइल सिस्टीम ठेवून व्हर्च्युअल डिस्कला डिस्कार्ड 'अनमॅप' द्या, मग एफएसट्रिमने जागा सुटेल. लक्स मुळात डिस्कार्ड खाली जाऊ देत नाही, म्हणून ती अडत होती. बॅकअपही पुन्हा आटेल, कारण एन्क्रिप्ट केलेला डेटा कॉम्प्रेस होत नाही. पण आता बॅकअप उघडा असणार, तेव्हा तो आधी कॉम्प्रेस आणि मग वेगळा एन्क्रिप्ट करा.

गुरुवारसाठी क्लेव्हिस आणि टँग बघा: सर्व्हरवरचं क्लेव्हिस नेटवर्कवरच्या टँगच्या मदतीने लक्स आपोआप उघडतं. टँग ऑफिसच्या नेटवर्कवरच्या दुसऱ्या छोट्या मशीनवर, आणि ते मशीन दुसऱ्या खोलीत. एकाच रॅकमध्ये ठेवलंत तर चोर दोन्ही उचलून नेईल. शिवाय लक्समध्ये पासफ्रेजचा एक स्लॉट (किल्लीची जागा) राहू द्या आणि लक्सच्या हेडरची (डिस्कच्या सुरुवातीचा किल्ल्यांचा भाग) प्रत सर्व्हरबाहेर ठेवा.